जागच्या जागी आठशे मीटर

हालचाल हे जगातील सर्व बिघाडांचे मूळ आहे. पंखा फिरतो, म्हणून बिघडतो. नळाची तोटी फिरते, म्हणून गळते. शिपायाची सायकल फिरते, म्हणून पंक्चर होते. याउलट पंखा ज्या हुकाला टांगलेला असतो, तो हूक दुरुस्तीला नेल्याचे आजवर कुणी ऐकलेले नाही. इतके साधे सत्य माणसाला शेकडो वर्षे सुचले नाही, आणि तो बिचारा पळत राहिला.

शाळेला हे सत्य सुचले ते मैदान गेल्यावर.

मैदान गेले म्हणजे चोरीला गेले नाही (मैदान चोरायला टेम्पो पुरत नाही). संचालक मंडळाच्या सात गाड्या रस्त्यावर उन्हात उभ्या राहत आणि त्यांचा रंग उडत असे. मुलांचा रंग उन्हात उडत नाही, उलट चढतो, हे लक्षात घेऊन मंडळाने मैदान गाड्यांना दिले. तात्पुरते दिले. मोठ्या सुट्टीत मैदानाच्या अलीकडच्या टोकाला पुरुषभर उंचीची एक भिंत उभी राहिली आणि मुलांच्या वाट्याला चौदा फूट रुंदीची पट्टी उरली. वेळापत्रकात खेळाचा तास मात्र तसाच राहिला, कारण वेळापत्रक छापून झाले होते.

ही भिंत सगळ्यात आधी पाहिली ती नववीतल्या भिंगरीने. पाहिली म्हणजे, सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी ती फाटकातून नेहमीसारखी सुसाट आली आणि भिंतीवर नाक आपटता आपटता वाचली. भिंगरी हे तिचे खरे नाव नव्हे, पण खऱ्या नावाने तिला हाक मारीपर्यंत ती दुसरीकडे गेलेली असे, म्हणून सगळ्यांनी छोटे नाव ठेवले होते. तिला एका जागी बसता येत नसे. जेवताना तिचे पाय टेबलाखाली वेगळ्याच गावाला निघालेले असत. गेल्या वर्षी आंतरशालेय स्पर्धेत आठशे मीटरला ती चौथी आली होती, तीही बुटाची नाडी सुटल्यामुळे, आणि यंदाचे वर्ष तिच्या वयोगटातले शेवटचे होते. तिने नाडी न सुटणारी गाठ शोधून काढली होती. वर्षभर तिच्या डोक्यात दुसरे काही नव्हते. (गणित तर नव्हतेच.)

खेळाचे शिक्षक म्हणजे शिट्टीसर. मैदानाविना खेळाचा तास कसा घ्यावा, हे शिकायला शाळेने त्यांना दोन दिवसांच्या शिबिराला पाठवले. ते एक फोल्डर, एक पेन आणि एक बारा पानी पुस्तिका घेऊन परत आले. पुस्तिकेचा विषय होता आयसोमेट्रिक, म्हणजे स्थिर व्यायाम. स्नायू आवळायचा, सांधा हलवायचा नाही. भिंतीला पाठ टेकवून नसलेल्या खुर्चीवर बसायचे. कोपरांवर आडवे होऊन फळीसारखे ताठ राहायचे. न हलणारी वस्तू ढकलत राहायचे. यात थट्टा करण्यासारखे काही नाही. ज्यांना थट्टा वाटते त्यांनी नसलेल्या खुर्चीवर एक मिनिट बसून दाखवावे, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरून दाखवावा.

पुस्तिकेच्या सातशे प्रती काढण्यात आल्या. परंतु शाळेचा स्टेपलर अकराच पाने टोचू शकत होता. तेव्हा बारावे पान वगळण्यात आले आणि त्याच्या सातशे प्रती पाठकोऱ्या कागदांच्या कपाटात ठेवण्यात आल्या. कागद वाया घालवणे शाळेला मान्य नव्हते.

मुख्याध्यापिकांना, म्हणजे मोठ्या बाईंना, हा व्यायामप्रकार पहिल्याच दिवशी पटला. वीस वर्षे त्या ज्यासाठी ओरडत होत्या, त्याला अखेर व्यायाम म्हणण्यात आले होते. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागल्या:

एक. खेळाच्या तासाला कोणीही हलू नये.

दोन. शिंक ही हालचाल धरली जाईल. जांभई मात्र शाळेची परंपरा लक्षात घेता धरली जाणार नाही.

तीन. परीक्षेच्या वेळी परीक्षकांनीही स्थितीत राहावे. अन्यथा मुलांसमोर चुकीचा आदर्श जातो.

चार. ज्यांना कोणत्याही बाहेरच्या स्पर्धेत उतरायचे असेल, त्यांनी स्थैर्य परीक्षेत शंभरपैकी साठ गुण मिळवून तंदुरुस्तीचा दाखला घ्यावा.

चौथी सूचना वाचून भिंगरीचे पाय क्षणभर थांबले, असे तिच्या मागे उभ्या असलेल्यांनी सांगितले.

"सर, पळायच्या स्पर्धेला न पळायची परीक्षा?" तिने शिट्टीसरांना गाठून विचारले.

"अगं, जो स्वतःला थांबवू शकतो तोच खरा पळू शकतो."

"म्हणजे कसं, सर?"

"कसं ते अकरा पानांत आहे. आणि बोलताना हात हलवू नकोस, दोन मार्क जातील."

योजनेचे परिणाम थक्क करणारे होते. तीन महिन्यांत गुडघे फुटण्याचे प्रमाण शंभर टक्क्यांनी घटले. पिण्याच्या पाण्याचा वापर एक्केचाळीस टक्क्यांनी उतरला. हरवलेल्या चेंडूंची संख्या शून्यावर आली (उपलब्ध चेंडूंचीही). संपूर्ण शाळेत फक्त एका विद्यार्थिनीच्या बुटांचे तळ झिजलेले आढळले, तिच्याकडून खुलासा मागवण्यात आला.

क्रीडादिनही पार पडला. रस्सीखेचीत जो संघ दोर हलवील तो बाद, असा नियम असल्याने दोन्ही संघांनी आधी भेटून ठरवून घेतले. शंभर मीटरला सहा जणी आरंभरेषेवर वाकून उभ्या राहिल्या आणि पाऊण तासाने मधली सुट्टी झाल्यावर सहाही जणींना संयुक्त विजेत्या घोषित करण्यात आले. त्यांत खरी विजेती होती उशी. उशी ही भिंगरीच्याच बाकावरची मुलगी. तिला उघड्या डोळ्यांनी झोपता येई. पूर्वी या गुणासाठी तिच्या आईला दर महिन्याला शाळेत बोलावत. आता तिचा फोटो फलकावर लागला, आणि आईला पुन्हा बोलावले ते सत्काराला.

भिंगरीची सराव परीक्षेतली नसलेली खुर्ची अकरा सेकंदांत मोडली.

संध्याकाळी ती घरी येऊन धप्पकन बसली. तिचे बाबा गवंडी होते. ते नुकतेच कामावरून आले होते आणि थापी धूत होते.

"बाबा, मला नाही जमणार. माझे पायच ऐकत नाहीत."

"ढकलायला काय देतात तुम्हाला?"

"ती नवी भिंत. शाळेतली."

बाबा हसले. ते पालकसभेला गेले होते तेव्हा त्यांनी ती भिंत पाहिली होती. चार बोटे जाडीची, नुसता गिलावा थापलेली. त्यांनी बोटाने टकटक केले होते, खिशातून दोरा काढून घराची किल्ली बांधली होती, आणि तो ओळंबा भिंतीशी धरून बराच वेळ नकारार्थी मान हलवली होती. मग मोठ्या बाईंकडे जाऊन म्हणाले होते, "बाई, ही भिंत उभी नाही. हिला पायाच नाही. ही नुसती थांबलीय."

"अहो मिस्त्री, लेखी द्या ना," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या.

त्यांनी लेखी दिले. सव्वा महिन्याने उत्तर आले: सदर भिंत बांधल्यापासून जागची तसूभरही हललेली नाही. शाळेच्या निकषांनुसार ती शाळेतील सर्वांत तंदुरुस्त घटक आहे. कळावे.

"ती सोड," बाबा भिंगरीला म्हणाले. "ही घरची ढकल. ही मी बांधलीय. हिला कितीही ढकललंस तरी ही ढिम्म. खोट्या भिंतीवर जोर कळत नाही, खऱ्या भिंतीवर कळतो."

आणि भिंगरी ढकलू लागली. सकाळी दात घासण्याआधी, संध्याकाळी चहाच्या आधी. आई शिवणयंत्रावरून म्हणायची, "अगं, शेजारी घसरतील पलीकडे!" भिंगरी हसायची, की गेलीच स्थिती. पण पहिल्या आठवड्यात मांड्या लटलटल्या, दुसऱ्यात कमी लटलटल्या, पाचव्यात नसलेली खुर्ची दीड मिनिट टिकली. सकाळी शाळेला येताना ती रस्त्यावरून पळायची (खुलासा मागवला गेला तो याचाच), आणि चढावर पाय पूर्वीसारखे दमत नाहीत, हे तिच्या लक्षात आले. व्यायाम खरा होता. एवढी एकच गोष्ट शाळेच्या नजरेतून सुटली होती.

परीक्षेचा दिवस उजाडला. नववीच्या अडतीस मुली पट्टीत उभ्या राहिल्या. नसलेल्या खुर्चीला चाळीस गुण, फळीला तीस, भिंत ढकलण्याला तीस. पहिल्या दोन भागांनंतर भिंगरीचे एक्कावन्न झाले. (उशीचे सत्तर. ती दोन्ही भागांत झोपली होती.) भिंतीचे गणित सोपे होते: एक मिनिट ढकलायचे, दर दोन सेकंदांना एक गुण. भिंगरीला हवे होते नऊ गुण. म्हणजे अठरा सेकंद.

अडतीस मुलींनी शहात्तर तळवे भिंतीला लावले. शिट्टीसर सूचना क्रमांक तीननुसार हातात घड्याळ घेऊन नसलेल्या खुर्चीवर बसले. शिट्टी वाजली.

पाचव्या सेकंदाला गिलाव्याचा एक पोपडा पडला. नवव्या सेकंदाला भिंतीतून कुणी बोटे मोडल्यासारखा आवाज आला. भिंगरीच्या तळव्यांना घरची भिंत सवयीची होती. ही भिंत तिला शेजारच्या मुलीसारखी वाटली, जी धक्का दिला की सरकते. चौदाव्या सेकंदाला ती सरकली. सतराव्या सेकंदाला शाळेतील सर्वांत तंदुरुस्त घटक, कुणालाही न विचारता, पलीकडे झोपला. पलीकडे सात गाड्या होत्या. माणूस नव्हता. (गाड्यांचा रंग हा विषय त्यानंतर कधी निघाला नाही.)

धूळ उडाली.

सदतीस मुली हात पुढे करून, हवेला ढकलत, जागच्या जागी उभ्या होत्या. शिट्टी वाजलेली नव्हती, कारण ती सरांच्या तोंडातून खाली पडली होती आणि उचलणे ही हालचाल होती. शिट्टीसर वाकलेल्या गुडघ्यांवर तसेच होते, कारण नियम नियम असतो, आणि नियम त्यांनीच शिबिरातून आणला होता. भिंगरीला फक्त एक सेकंद हवा होता. एक सेकंद उभी राहिली असती, तर दाखला तिचा होता. हे तिला माहीत होते. गणित कच्चे असले तरी अठरातून सतरा तिला वजा करता येत होते.

पण गाड्यांच्या पलीकडे मैदान होते. आठ महिन्यांनी. गवत गुडघ्याएवढे वाढलेले, मधली चुन्याची रेघ पुसट, पण रुंद, रिकामे, आणि पार टोकापर्यंत दिसणारे. भिंगरीच्या पायांनी तिला विचारले नाही.

ती विटांवरून उडी मारून गेली. पहिल्या फेरीत तिला हसू येत होते. दुसऱ्या फेरीत हसू थांबले आणि नुसता श्वास उरला. तिसऱ्या फेरीत वेणी सुटली, नाडी सुटली नाही. चार फेऱ्या, म्हणजे आठशे मीटर, मारून ती परत आपल्या जागेवर आली, सदतीस मुलींच्या रांगेत, आणि त्याच क्षणी शिट्टीसरांचे गुडघे संपले. सर खाली बसले, अंगठा घड्याळावर दाबला गेला. घड्याळात दोन मिनिटे एक्कावन्न सेकंद होते. पहिले सतरा भिंतीचे. उरले दोन मिनिटे चौतीस.

गेल्या वर्षीच्या विजेतीला आठशे मीटरला दोन मिनिटे एकोणचाळीस लागले होते.

शिट्टीसर आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वहीत शुद्ध अक्षरात नोंद केली: "परीक्षेदरम्यान २ मिनिटे ३४ सेकंद अखंड हालचाल. अनुत्तीर्ण."

भिंत कुणी पाडली, यावर नववीच्या वर्गातच चौकशी बसली. चौकशी समितीचा तर्क बिनतोड होता. सदतीस मुली स्थिर होत्या, तशी नोंदच आहे. स्थिर माणूस काही पाडू शकत नाही. हललेली मुलगी एकच. अर्थात भिंत तिने पाडली.

बाबा कामावरून तसेच आले होते, हाताला सिमेंट.

"साहेब, एका पोरीने भिंत पाडली म्हणता, तर तिला पदक द्या. आणि ती पडायचीच होती म्हणता, तर तिला दाखला द्या. काहीतरी एक द्या."

समितीने यावर विचार केला (तीन मिनिटे, स्थितीत). मग मोठ्या बाई वर्गाकडे वळल्या. "आपण अन्याय करणार नाही. भिंत सगळ्यांनी मिळून ढकलली, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. हात वर करणं ही हालचाल आहे, एवढं लक्षात ठेवा. निकाल अजून लागायचाय."

सदतीस मुलींना तसे वाटत होते. त्यांच्या तळव्यांना अजून गिलावा लागलेला होता. भिंगरीने एकेकीकडे पाहिले. उशीची करंगळी अर्धा इंच उचलली गेली आणि परत खाली आली.

समितीने सर्वानुमते नोंद केली, की सर्वानुमते कुणीही नाही.

निकाल पाठकोऱ्या कागदांवर छापून वाटण्यात आला. सदतीस मुलींनी निकाल पाहिला आणि दप्तरात ठेवला. भिंगरी एकटीच कागदाशी चाळा करत बसली, कागद उलटा-सुलटा करत, आणि त्यामुळे तिला मागची बाजू दिसली. पान बारा. शेवटचा परिच्छेद. "हे व्यायाम चालणे, धावणे, पोहणे यांना पूरक म्हणून करावेत. केवळ स्थिर व्यायामांवर अवलंबून राहू नये."

ती मोठ्या बाईंच्या खोलीत पळत गेली.

"बाई, हे बघा! इथेच लिहिलंय! धावणे!"

मोठ्या बाईंनी चष्मा लावून शांतपणे वाचले. "बरोबर आहे गं. पण हे मागच्या बाजूला आहे."

"म्हणून काय झालं?"

"मागच्या बाजूला सही-शिक्का नसतो, बाळा."

आठशे मीटरला शाळेतर्फे एकाच मुलीला पाठवता येत होते. शंभरपैकी शंभर गुण मिळवणारी एकच होती. उशीच्या छातीवर चार सेफ्टी पिनांनी नंबर लावण्यात आला आणि शिट्टीसर तिला स्पर्धेला घेऊन गेले. भिंगरी बघायला गेली. आई म्हणाली होती, "कशाला जीव जाळून घेतेस?" पण घरी बसणे तिला तसेही जमत नसे.

नऊ मुली रेषेकडे निघाल्या. उशी वाटेतच वळली, प्रेक्षकांपुढच्या दोरीपाशी आली आणि पिना काढू लागली.

"काय करतेस?" भिंगरी म्हणाली.

"ऊन लागतंय मला. घे."

"अगं वेडी झालीस? तुझं नाव आहे!"

"त्या दिवशी हात वर करायचा राहिला. आता करतेय." उशीने नंबर दोरीवरून पुढे केला. "आणि ऐक, पहिली ये हं. दुसरी आलीस तर आई मला बोलेल."

शिट्टीसर चार पावलांवर उभे होते. त्यांनी सगळे पाहिले. मग त्यांनी आकाशाकडे तोंड करून मानेचा स्थिर व्यायाम सुरू केला, आणि बंदूक वाजेपर्यंत सोडला नाही.

दोन मिनिटे एकतीस सेकंद. पहिली.

भिंगरी घरी आली तेव्हा बाबा थापी धूतच होते. ऐकून त्यांनी थापी खाली ठेवली. "नाव कुठं लागलंय?" त्यांनी विचारले.

"नाही लागलं."

"हं," बाबा म्हणाले. "आम्ही बांधलेल्या घरांवरही आमचं नसतं." आणि तिच्या पायांकडे बराच वेळ, ओळंबा धरल्यासारखे, पाहत राहिले.

आता शाळेच्या फाटकावर मोठा फलक आहे. त्यावर नसलेल्या खुर्चीवर बसलेली उशी आहे आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर आहे: "वर्षभर एकही पाऊल न धावता आठशे मीटरमध्ये प्रथम! स्थिर व्यायामाचा विजय!" चौदा शाळांनी पुस्तिका मागवली आहे (अकरा पानी). त्यातल्या नऊ शाळांनी मैदानात भिंती बांधायला घेतल्या आहेत. या शाळेची भिंतही पुन्हा बांधायची होती, त्यासाठी बाबांना बोलावले होते. ते म्हणाले, आधी पाया खणावा लागेल. खणणे ही हालचाल असल्याने काम दुसऱ्याला देण्यात आले. नवी भिंत जुनीसारखीच उत्तम थांबलेली आहे.

तरीही कुणावर अन्याय होऊ नये, म्हणून शाळेने हरकती मागवल्या आहेत. भिंत कुणी पाडली आणि शर्यत कुणी जिंकली, हे दोन्ही आजवर एक भिंगरी, एक उशी, एक शिट्टीसर आणि एका घरातले आई-बाबा एवढ्यांनाच माहीत होते. आता ते तुम्हालाही माहीत आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी आहे त्या जागी हात वर करावा. आम्ही मोजत आहोत.

कुणी नाही?

अभिनंदन. तुम्ही पहिल्या ओळीपासून इथपर्यंत जागचे हलला नाहीत. तुमचा दाखला तयार आहे. मागची बाजू पाहू नये.